शिफ्ट दाबलं की ‘ख’

मीरा-भाईंदरच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी संगणक शिकवते. तिसरी ते पाचवीची मुलं. कुणी उत्तन-डोंगरीकडून बसने येतं, कुणी राई-मुर्ध्याहून, कुणी नवघरच्या चाळीतून पायी. कुणाच्या घरी मासेमारीची बोट आहे, कुणाचे वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करतात, कुणाची आई सकाळची लोकल पकडून अंधेरीला जाते. वेळापत्रकात संगणकाचा तास चित्रकला आणि पीटीच्या आसपास कुठेतरी बसवलेला असतो, आणि तो ‘जादा विषय’ असं बहुतेकांना वाटतं. मला तो लिहायला शिकवण्याचा विषय वाटतो. हे मत मुलांनीच माझ्याकडून करून घेतलं. ते कसं, हे इथे लिहिते आहे.

१. फोनवर वाढलेलं मूल संगणकासमोर नवखंच असतं. घरात स्मार्टफोन आहे, पोरगं बोलायला लागायच्या आधीपासून व्हिडिओ लावतंय, मग त्याला संगणकाचं काय अवघड, असं पालक मनापासून म्हणतात. पहिल्या तासाला हीच मुलं मॉनिटरच्या काचेवर बोट फिरवतात आणि काहीच हललं नाही म्हणून माझ्याकडे बघतात. माउस टेबलावर पुढे सरकवला की पडद्यावरचा बाण वर जातो, ही गोष्ट मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती शिकवावी लागते हेच कुणाच्या लक्षात येत नाही. टेबलाची कड आली की मुलं थबकतात. माउस उचलून मागे घ्यायचा असतो, हे कुणीतरी दाखवावं लागतं. लागोपाठ दोनदा टिचकी मारताना छोटा हात हलतो आणि बाण भलतीकडे जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनमध्ये आली, पण तेव्हाही मुलांनी लिहिलं ते वहीतच, आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शोधायचं असेल तर फोनला तोंडानेच सांगता येतं. त्यामुळे फोन सहज वापरणाऱ्या मुलाने आपल्या मनातलं एक अख्खं वाक्य कधी टाइप केलेलं असेलच असं नाही.

२. कीबोर्ड मोठ्यांच्या हाताच्या मापाने बनलेला आहे. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. तिसरीतल्या मुलाची करंगळी शिफ्टपर्यंत पोचवायची तर पूर्ण मनगट वळतं आणि बाकीची बोटं जागा सोडतात. आपण म्हणतो मूल नीट बसत नाही, पण खुर्चीवरून पाय लोंबकळत असतील तर ते नीट बसणार कसं? पायांखाली लाकडी पाट आणि पाठीशी दप्तर ठेवलं की निम्म्या तक्रारी संपतात. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, आणि भारतातली त्या प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली. त्या यंत्राविषयी पुष्कळ वाद झाले, पण त्याचा रबरी कीबोर्ड लहान मुलाच्या हाताचं माप घेऊन केलेला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्याकडे तसे कीबोर्ड नाहीत. म्हणून पहिली-दुसरीत बोटांच्या शिस्तीचा आग्रह धरू नये, त्या वयात चित्रं काढावीत, खेळ खेळावेत, आणि तिसरीच्या मधेअधे, हात जरा भरला की, बोटं जागेवर ठेवायला शिकवावं, अशा मताची मी आहे.

३. पालकांचा पहिला प्रश्न स्पीडचा असतो, आणि त्यामागे एक इतिहास आहे. “तीसची तयारी करून घेता का?” असं एका आजोबांनी विचारलं. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा संसार टायपिंगच्या प्रमाणपत्रावर उभा राहिला. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळच्या बॅचला यंत्रांचा खडखडाट, पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस, चाळीस, पुढे पन्नास-साठ, आणि मग कुठल्यातरी कचेरीत कारकुनाची जागा. ती परीक्षा आता संगणकावर होते, पण आकड्यांचा दरारा तोच आहे. त्या आजोबांचा मला आदरच वाटला. त्यांच्यासाठी टायपिंग म्हणजे भाकरी होती. आठ वर्षांच्या मुलासाठी मात्र मिनिटाला शब्द किती हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण त्याची लिहिण्याची गती विचाराच्या गतीला बांधलेली असते आणि विचार करायला तो अजून शिकतोच आहे. म्हणून माझ्या वर्गात घड्याळ लावून टायपिंग होत नाही. त्याऐवजी हातांवर रुमाल टाकतो. १८८८ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅकगरिन नावाच्या माणसाने बटणांकडे न बघता टाइप करून जाहीर स्पर्धा जिंकली, तेव्हा लोकांना ते नवल वाटलं होतं. ही गोष्ट सांगितली की मुलं स्वतःच रुमाल मागतात. एफ आणि जे या दोन बटणांवरचे बारीक उंचवटे बोटांनी शोधायचे आणि तिथून निघायचं, एवढाच नियम.

४. मुलांना सगळ्यात आधी स्वतःचं नाव टाइप करायचं असतं, त्यामुळे अभ्यास तिथूनच सुरू करावा. ‘ए एस डी एफ’चे सराव लागतातच, पण ते नंतर. आमच्या मुलांना इंग्रजी अक्षरं माहीत असतात, कारण राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे मुलं आपलं नाव इंग्रजी बटणांनी पटापट उमटवतात. मग कुणीतरी विचारतंच, “बाई, हे मराठीत कसं येणार?” या प्रश्नाला किती शाळांत उत्तर मिळतं? संगणकाच्या तासाला इंग्रजी हीच यंत्राची भाषा आहे असं कुणी बोलून दाखवत नाही, पण मुलं तसं समजून जातात. नाव मराठीत उमटलं की पुढच्या मागण्या आपोआप येतात: आईचं नाव, बहिणीचं नाव, गावाचं नाव, बोटीचं नाव. बोटीवर रंगवलेलं नाव पडद्यावर तसंच्या तसं आणायचं म्हणून उत्तनच्या एका मुलाने जोडाक्षर करायचं बटण स्वतःहून विचारून घेतलं.

५. मराठी कीबोर्ड लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा सोपा जातो. मला सर्वांत जास्त चकित केलं ते याने, म्हणून इथे थोडं थांबते. इनस्क्रिप्ट ही मांडणी सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात ठरली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती मानक केली. मोठ्यांना ती अवघड वाटते, कारण त्यांच्या बोटांत इंग्रजी बसलेलं असतं. ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि फोन त्याचं देवनागरी करून देतो. पण ज्याने नुकतीच बाराखडी पाठ केली आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटते. काने-मात्रे-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजवीकडे ओळीने प, र, क, त, च, ट. क ज्या बटणावर त्याच बटणावर शिफ्टसह ख. ग आणि घ एकत्र, त आणि थ एकत्र, द आणि ध एकत्र. मी मुलांना तळहात तोंडासमोर धरायला सांगते. क म्हणा, ख म्हणा. प म्हणा, फ म्हणा. हातावर फुंकर लागली की शिफ्ट. हे एकदा कळलं की दहा-बारा अक्षरं शोधावी लागतच नाहीत. ण मात्र म-च्या बटणावर का, ळ ल-वर का, हेही मुलं विचारतात. ल-ळ शेजारी शोभतात, ण-चं कारण मला देता येत नाही, आणि तसं मी सांगते. इंग्रजीची बटणं ए-बी-सी अशी ओळीने का नाहीत, हाही त्यांचा लाडका प्रश्न. शोल्सच्या टाइपरायटरपासून, म्हणजे १८७० च्या दशकापासून, ही मांडणी चालत आली आहे, आणि तिच्यामागच्या कारणांवर जाणकारांचं आजही एकमत नाही. मराठीच्या मांडणीचं बरंचसं कारण मात्र आपल्या वर्णमालेतच सापडतं, आणि ते तिसरीतल्या मुलाला समजतं.

६. टाइप करताना मूल आपली भाषा नव्याने ऐकतं. जुन्या टाइपरायटरवर अक्षरं दिसतात तशी छापायची, म्हणून पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. संगणकावर उच्चाराच्या क्रमाने जायचं: ‘कि’साठी आधी क, मग वेलांटी, मग यंत्र ती वेलांटी उचलून मागे नेऊन ठेवतं. मुलं हे बघून हसतात. रफाराचं याच्या उलट. ‘सूर्य’ लिहिताना रफार डोक्यावर सगळ्यात शेवटी दिसतो, पण टाइप करताना र आधी, मग पाय मोडायचा, मग य. शुद्धलेखनाच्या तासाला हे सांगून जे डोक्यात शिरत नाही ते बोटांतून शिरतं, कारण चुकीच्या क्रमाने दाबलं तर शब्द उमटतच नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांना मी ‘दर्या’ देते आणि मग ‘दऱ्या’. एकाला साधा र, दुसऱ्याला शिफ्टसह र, बाकी बटणं तीच. एका चौथीतल्या मुलीने दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघितले आणि म्हणाली, “बाई, एकात र वर जाऊन बसतो, दुसऱ्यात आडवा होतो.” व्याकरणाच्या पुस्तकात मला हे इतकं स्वच्छ कधी सापडलं नव्हतं.

७. एका शहरात इतक्या भाषा असतील तर कीबोर्डही त्यांना जोडू शकतो. इथल्या महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांत चालतात. इमारतीत खाली गुजराती बोलणारं घर, वर राजस्थानी, समोर मल्याळी. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं त्याच त्याच जागी ठेवलेली आहेत, मराठीचा क जिथे आहे तिथेच गुजरातीचा क, तिथेच मल्याळमचा. उर्दूची लिपी वेगळी, तिची मांडणीही वेगळी. माझ्या वर्गातल्या एका मुलाने शेजारच्या मित्राचं नाव गुजरातीत टाइप केलं, गुजराती वाचता येत नसताना. फक्त भाषा बदलली आणि बोटं नेहमीच्या वाटेने गेली. हे त्याला मी दाखवलं नव्हतं.

८. संगणक कमी असणं ही अडचण आहेच, पण कीबोर्ड कुणाच्या हातात आहे ही त्याहून मोठी अडचण आहे. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगाता मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि मुलं एकमेकांचं बघून शिकली. पुढे तसे संगणक आपल्या सिंधुदुर्गातही बसले. बघून शिकणं खरं आहे, मी रोज बघते. माउस कसा चालवायचा, खिडकी कशी बंद करायची, हे मागे उभं राहिलेलं मूल पुढच्याच्या खांद्यावरून शिकतं. टायपिंग मात्र तसं येत नाही, कारण ते बोटांना शिकायचं असतं. आणि दोघं-तिघं एका यंत्रावर बसली की माउस धरणारा बहुतेक वेळा मुलगाच असतो, मुलगी बाजूला बसून ‘इथे दाब, इथे दाब’ सांगते. तिला सगळं येत असतं, पण तिच्या बोटांना काहीच मिळत नाही. आता माझ्या वर्गात माउस एकाकडे आणि कीबोर्ड दुसऱ्याकडे असतो, आणि मधली घंटा झाली की जागा बदलायच्या. वाद होतात. होऊ देत.

९. वीज गेली तरी तास जात नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, दमट हवेने यंत्रं रुसतात, कधी दुरुस्तीला गेलेला सीपीयू बरेच दिवस परत येत नाही. पुठ्ठ्यावर आखलेला कीबोर्ड प्रत्येक मुलाच्या दप्तरात असतो. त्यावर एकजण शब्द सांगतो, दुसरा डोळे मिटून बोटं फिरवतो, तिसरा चुका मोजतो. पुठ्ठ्यावर सराव केलेली मुलं यंत्रावर बसली की शोधत बसत नाहीत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली, तेव्हा पुष्कळ शाळांना यंत्रं मिळवण्याची उमेद आली. ती उमेद टिकायला हवी. पण कुठेही गेलं तरी मला आधी बघायचं असतं की संगणकाची खोली दिवसातून किती वेळ उघडी असते. यंत्र खराब होईल म्हणून कुलूप लावलेली खोली मी पाहिली आहे. वापरून बिघडलेला कीबोर्ड मला परवडतो.

१०. खराब अक्षराखाली चांगला लेखक दडलेला असू शकतो. पाचवीतल्या एका मुलाची वही कुणालाच वाचता यायची नाही. रेघ सोडून धावणारी अक्षरं, खाडाखोड, प्रत्येक पानावर ‘अक्षर सुधारा’ असा लाल शेरा. त्याला काय म्हणायचं आहे तिथपर्यंत कुणाची नजर पोचत नव्हती. त्याला टाइप करायला बसवलं तेव्हा तो रेल्वेच्या कडेच्या मिठागरांबद्दल लिहीत गेला: पाणी कसं आत घेतात, वाफा कसा आटतो, मिठाचा ढीग कसा लागतो, काका पायाला काय बांधतात. वर्गात वाचून दाखवल्यावर मुलांचा विश्वासच बसेना की हे त्याचं आहे. टायपिंगमुळे हस्ताक्षर बिघडेल ही भीती मला नेहमी ऐकू येते, आणि हस्ताक्षरावर माझंही प्रेम आहे. वही सुटता कामा नये. पण १९३२ साली अमेरिकेत बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन यांनी प्राथमिक शाळांतल्या टाइपरायटरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यंत्र मिळालेल्या वर्गांतली मुलं अधिक लिहिताना आढळली. त्या अभ्यासाला टाइपरायटर कंपन्यांचं पाठबळ होतं, हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं, कारण डोळ्यांसमोर घडताना पाहिलं आहे. खोडता येतं, आणि खोडल्याची खूण राहत नाही, एवढ्या एका सोयीने काही मुलांची भीती जाते.

११. मुलांना लिहायला विषय द्यावा लागत नाही, कागद द्यावा लागतो. छापून मिळणार म्हटलं की लिहिणं बदलतं. उत्तनच्या मुली बांबूच्या मांडवावर सुकणाऱ्या बोंबलांचं लिहितात, कुणी वसईच्या मोहिमेतला धारावी किल्ला आणि चिमाजी अप्पा, कुणी मेट्रोचे खांब, कुणी लोकलमध्ये चढताना हरवलेली आईची चप्पल. प्रिंटरची शाई महाग आहे, त्यामुळे एका पानावर चार मुलांचं बसवतो. तरी ते पान घरी जातंच, आणि पुढच्या तासाला मूल स्वतःहून दुरुस्ती सांगायला येतं, कारण घरी कुणीतरी वाचून म्हणालेलं असतं की भरतीचा क्रम चुकलाय.

१२. पुढे यंत्रं बदलतील, बोललेलं आपोआप लिहून देणारे फोन तर आलेच आहेत, तरी हे शिकवणं वाया जाईल असं मला वाटत नाही. फोन लिहून देतो ते ओळखीचं बोलणं. आगरी, कोळी, वाडवळ बोलीतला शब्द आला की तो दुसराच शब्द उमटवतो. आजीचा शब्द जसाच्या तसा लिहायचा असेल तर एकेक अक्षर स्वतःच दाबावं लागतं, आणि ते ज्याला येतं त्याचंच लिहिणं त्याच्या हातात राहतं. माझ्या मुलांची बोली कुणाच्या यंत्रात बसते की नाही यावर ती लिहिली जाणं अवलंबून राहू नये, एवढ्यासाठी मी तिसरीपासून मराठी कीबोर्डचा आग्रह धरते.

तुमच्या घरी किंवा कचेरीत संगणक असेल तर सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडा. विंडोज असो वा लिनक्स, इनस्क्रिप्ट मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत. मुलाला शेजारी बसवा, त्याचं नाव त्यालाच शोधू द्या, मधे बोट घालू नका. आणि पुढच्या पालकसभेत शाळेला एवढं विचारा: आमची मुलं मराठीत टाइप करायला कितवीत शिकणार आहेत?